वस्तीतलं मैदान, नाला आणि झाडं वाचवण्यासाठी: नागपूरकरांकरिता कामाचा क्रम

मैदानाभोवती पत्र्याचं कुंपण उभं राहतं, झाडावर कुऱ्हाड पडते किंवा नाल्यात काँक्रीटची भिंत चढायला लागते, तेव्हा वस्ती जागी होते. तोवर कागदावरचं काम बहुतेक उरकलेलं असतं. सूचना निघालेली असते, हरकतीची मुदत संपलेली असते आणि अधिकारी म्हणतो, "तेव्हा कोणीच काही म्हणालं नाही." नागपुरातली बरीच भांडणं या एका वाक्यावर हरली जातात. म्हणून या लेखात मोर्चा शेवटाकडे येतो आणि अर्ज पहिला येतो. वेळेत दिलेली, पोच घेतलेली, मुद्देसूद हरकत हे सामान्य नागरिकाच्या हातातलं सगळ्यात मजबूत साधन आहे, असं माझं ठाम मत आहे. बाकी सगळं त्याच्या पाठीशी उभं करायचं.

जागा कोणाची, हे आधी काढा

नागपुरात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एकाच चौकाच्या चार कोपऱ्यांना चार मालक असू शकतात. महानगरपालिका आहे, नागपूर सुधार प्रन्यास म्हणजे एनआयटी आहे, शहराबाहेरच्या पट्ट्यासाठी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे एनएमआरडीए आहे. त्याशिवाय रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, महामेट्रो, वनविभाग, संरक्षण खातं, एमआयडीसी आणि फुटाळ्याकडे गेलात तर कृषी विद्यापीठ. चुकीच्या दारात दिलेला अर्ज दोन महिने फिरतो आणि "आमच्या अखत्यारीत येत नाही" असा शेरा घेऊन परत येतो. ते दोन महिने समोरच्याला पुरतात.

सुरुवात मौजा (महसुली गाव) आणि खसरा (जमिनीचा भूमापन) क्रमांकापासून करा. घराच्या विक्रीपत्रात, ले-आउटच्या नकाशात किंवा आरएल लेटरवर (नियमितीकरणाच्या पत्रावर) तो असतो. त्यावरून सातबारा ऑनलाइन पाहता येतो. शहरातली जागा असेल तर नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. ले-आउटमधली मोकळी जागा असेल तर मंजूर नकाशावर तिच्यावर काय लिहिलंय ते बघा: 'ओपन स्पेस', 'पब्लिक युटिलिटी', 'क्रीडांगण'. ५७२ आणि १९०० ले-आउटमध्ये (नियमितीकरणासाठी घेतलेल्या अनधिकृत ले-आउटच्या याद्यांची ही नावं) राहणाऱ्यांनी हे विशेष काळजीने करावं. तिथे नियमितीकरणाच्या वेळच्या नकाशात मोकळी दाखवलेली जागा आणि आज जागेवर दिसणारी परिस्थिती यांत फरक पडलेला असतो, आणि तो फरक दाखवायला दोन्ही गोष्टी कागदावर लागतात.

विदर्भात आणखी दोन नोंदी बघायच्या असतात. पहिली निस्तार पत्रक. जुन्या मध्य प्रांताच्या महसूल व्यवस्थेतून आलेल्या या दस्तात गावाची गुरं कुठे चरायची, सरपण कुठून आणायचं, पाणी कुठलं घ्यायचं, वाट कुठून जाते, हे लिहिलेलं असतं. शहरात विलीन झालेल्या कितीतरी मौजांची अशी पत्रकं आहेत. ज्या तळ्यावर आज प्लॉट पाडलेत ते तळं निस्तार हक्काचं होतं, हे त्यातून निघू शकतं. दुसरी नोंद 'झुडपी जंगल'. पूर्व विदर्भातल्या या जमिनींना वनकायदा लागू आहे की नाही, हा वाद अनेक दशकं चालला. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमीनच असल्याचं ठरवलं. सातबाऱ्यावर हा शब्द दिसला, किंवा जुन्या हिंदी नोंदीत 'छोटे झाड का जंगल', 'बडे झाड का जंगल' असं आढळलं, तर तुमचा अर्ज महापालिकेबरोबर वनविभागाकडेही गेला पाहिजे.

कागद कसे मिळवायचे

माहिती अधिकाराचा अर्ज सगळे करतात, पण बहुतेक अर्ज प्रश्न विचारतात. "आमच्या मैदानावर बांधकाम का होत आहे?" याला उत्तर मिळत नाही, आणि कायद्यानेही ते देणं बंधनकारक नाही. दस्तऐवज मागा. "मौजा अमुक, खसरा क्रमांक अमुक येथील मंजूर अभिन्यासाचा (ले-आउटचा) नकाशा, बांधकाम परवानगीची प्रत, त्यावरील टिपणीची पानं." महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा तीन विषय असतील तर तीन अर्ज करा. शुल्क दहा रुपये, प्रतींना पानामागे दोन रुपये. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही समाधान झालं नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील.

पण तीस दिवस थांबणं दरवेळी परवडत नाही. हरकतीची मुदत सात दिवसांची असेल तर माहिती अधिकाराचं उत्तर वरातीमागून घोडं ठरतं. अशा वेळी एका शासन निर्णयाचा उपयोग करा, जो फार थोड्यांना माहीत आहे. २६ नोव्हेंबर २०१८च्या या निर्णयानुसार जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच महापालिकांमध्ये, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला मिळाले पाहिजेत. शासन निर्णयाची छापील प्रत सोबत न्या. टेबलावरचा कर्मचारी "असं काही नसतं" म्हणेल. प्रत समोर ठेवा आणि शांतपणे बसून राहा. दोघांनी जावं: एकाने फाइल वाचायची, दुसऱ्याने पान क्रमांकासह टिपून घ्यायचं. नंतर त्याच पानांच्या प्रती माहिती अधिकारात मागितल्या की "सापडत नाही" हे उत्तर देणं अवघड होतं.

कागदांबरोबर जागेचा इतिहासही गोळा करा. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं दिसतात. नाला दहा वर्षांपूर्वी किती रुंद होता, तलावाची कड कुठे होती, हे त्यात स्पष्ट कळतं. दरवर्षीचं एक चित्र, एकाच उंचीवरून घेतलेलं, ओळीने लावलं की अर्ज वाचणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही.

चार-पाच माणसं, आणि कामाची वाटणी

संस्था नोंदवायच्या मागे लगेच लागू नका. नोंदणी, धर्मादाय कार्यालय, लेखापरीक्षण यांत वर्ष जातं. 'नागरिक कृती समिती' असं नाव, दहा-पंधरा घरांच्या सह्या आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होते. मात्र कामं ठरवून घ्या. एकाने रोजच्या पेपरातल्या जाहीर सूचना वाचायच्या. एकाने झोन ऑफिसला चकरा मारायच्या. एकाने फोटो आणि कागद तारखेनिशी सांभाळायचे. एकाने वकील, पत्रकार, नगरसेवक यांच्याशी बोलायचं. चौघांनी मिळून सगळंच करायचं ठरवलं तर तिसऱ्या महिन्यात कोणीच काही करत नाही.

नागपूरचं एक भाग्य आहे, ते वाया घालवू नका. १९५८ पासून इथे नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. उपग्रहचित्रांचं काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र इथेच आहे. त्यामुळे पाणी, हवा, नकाशे आणि बांधकाम यांत आयुष्य घालवलेली निवृत्त माणसं शहराच्या प्रत्येक भागात राहतात. कुणाच्या तरी ओळखीतून त्यांच्यापर्यंत पोचा. नाल्याच्या वहनक्षमतेवर निवृत्त अभियंत्याने सही केलेलं एक पान हजार सह्यांच्या निवेदनाइतकं वजनदार ठरतं.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगायची आहे. नाल्याकाठच्या झोपडीवाल्यांना शत्रू धरून लढा उभारू नका. 'अतिक्रमण हटवा' म्हणत सोसायटीवाले पुढे येतात, कारवाई सगळ्यात आधी भाजीच्या हातगाडीवर आणि पत्र्याच्या घरावर होते, आणि नाल्यात दहा फूट आत सरकवलेली पक्की भिंत तशीच राहते. पूर आला की पहिलं पाणी त्याच झोपडीत शिरतं. ती माणसं समितीत असली पाहिजेत. नाला कधी वळवला, भर कोणत्या ट्रकने टाकली, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

झाडांची सूचना: सात दिवसांत काय करायचं

महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांना १९७५चा स्वतंत्र कायदा आहे. झाड खासगी अंगणातलं असो की रस्त्याकडेचं, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. परवानगीआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावर नोटीस लावावी लागते. हरकतीला सात दिवस मिळतात. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. तोडायच्या झाडाचं वय जितकं, तितकी झाडं बदल्यात लावायची, असंही त्यात आलं. दोनशेहून जास्त झाडांचा प्रस्ताव राज्याच्या वृक्ष प्राधिकरणाकडे पाठवण्याची तरतूदही त्याच दुरुस्तीत होती, म्हणून काही वेळा मोठं काम तुकड्यांत मांडलेलं दिसतं. एकाच रस्त्यासाठी लागोपाठ दोन-तीन सूचना निघाल्या तर त्या एकत्र ठेवून बेरीज करा आणि हरकतीत ती बेरीजच पहिल्या ओळीत लिहा.

सूचना दिसली की त्याच संध्याकाळी जागेवर जा. मोजपट्टी, खडू, वही आणि मोबाइल एवढं पुरतं. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, बुंध्याचा घेर मोजा. कडुनिंब, पिंपळ, बाभूळ, चिंच अशी जात लिहा. खडूने क्रमांक टाका आणि क्रमांक दिसेल असा फोटो घ्या. मग सूचनेतल्या यादीशी ताडून बघा. फरक बहुधा तीन ठिकाणी सापडतो: यादीतली संख्या कमी असते, वय कमी दाखवलेलं असतं, किंवा जातच चुकवलेली असते. जुन्या कडुनिंबाचं वय उतरवलं की त्याच्या बदल्यात किती झाडं लावायची तो आकडाही उतरतो. फांदीवर घरटं असेल तर फोटोसह नोंद करा. पक्ष्यांची घरटी आणि अंडी वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतात.

हरकतीत भावना थोडक्यात आणि मोजमाप सविस्तर लिहा. पर्यायही सुचवा. रस्ता चार फूट सरकवला तर नऊ झाडं वाचतात, हे छोट्या नकाशावर दाखवलं तर अभियंत्यालाही नाही म्हणणं जड जातं. प्रत्यक्ष सुनावणीची मागणी लेखी करा.

रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तोड सुरू झाली तर आधी परवानगीचं पत्र मागा. त्यावर क्रमांक, तारीख आणि झाडांची संख्या बघा. पत्र नसेल तर उद्यान विभाग आणि पोलीस दोघांना फोन करा, व्हिडिओ चालू ठेवा, मजुरांशी हुज्जत घालू नका. ते रोजीवर आलेले असतात, त्यांना पाठवणारा वेगळा असतो.

अजनी हे या सगळ्याचं नागपुरातलं ठळक उदाहरण आहे. इंटरमॉडेल स्टेशनसाठी (रेल्वे, बस, मेट्रो एकत्र आणणारं स्थानक) अजनीच्या रेल्वे वसाहतीतली हजारो झाडं जाणार होती. २०२०-२१ मध्ये शहरभरातून हरकती गेल्या, तरुण मुलं झाडांखाली बसली, प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं, आणि तो प्रकल्प त्या रूपात तिथे झाला नाही. पुढे अजनी स्थानकाच्या पुनर्विकासाचं काम वेगळ्या योजनेतून आलं. एका प्रस्तावावर मिळालेलं यश त्या प्रस्तावापुरतंच असतं. त्याच जागेवर दुसऱ्या नावाने, दुसऱ्या यंत्रणेकडून नवं काही येऊ शकतं, म्हणून पहिल्या लढ्याची फाइल जपून ठेवा.

मैदान आणि बगिच्याचं आरक्षण

शहराची मंजूर विकास योजना, ज्याला सगळे डीपी म्हणतात, २००० सालची आहे. कुठे बगिचा, कुठे शाळा, कुठे किती मीटरचा रस्ता, हे तिच्यात ठरलेलं आहे. १९६६च्या नगररचना कायद्यानुसार वीस वर्षांत तिची सुधारणा व्हायला हवी. सुधारित आराखड्याची सूचना निघाली की कलम २६ खाली हरकतीला तीस दिवस मिळतात आणि त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या तीस दिवसांत अख्ख्या शहराचा नकाशा बघून होत नाही. आपल्या प्रभागाचा जुना नकाशा आजच मिळवून भिंतीवर लावा, प्रत्येक आरक्षणावर जाऊन फोटो घ्या. नवा आराखडा आल्यावर दोन्ही शेजारी ठेवून तुलना करायला एक रविवार पुरेल.

आराखडा मंजूर झाल्यावरही आरक्षण हलतं, आणि ते दोन वाटांनी हलतं. पहिली वाट कलम ३७ची, किरकोळ फेरबदलाची. तिच्यात जाहीर सूचना निघते, हरकतीला महिनाभराची मुदत असते. दुसरी वाट कलम १२७ची, आणि ती जास्त धोक्याची आहे, कारण ती गाजावाजा न होता घडते. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक खरेदी सूचना (जागा संपादित करा, अशी नोटीस) देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत प्राधिकरणाने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. जागा मालकाकडे मोकळी होते आणि वस्तीला बातमी लागते ती जेसीबी आल्यावर. म्हणून दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एवढंच विचारा: "प्रभागातील आरक्षित जागांबाबत कलम १२७ अन्वये प्राप्त सूचनांची यादी व त्यांवरील कार्यवाहीच्या प्रती." सूचना आलेली दिसली तर संपादनासाठी अर्थसंकल्पात तरतूद करा, अशी मागणी त्या चोवीस महिन्यांच्या आत रेटावी लागते. इथे नगरसेवक आणि आमदार खरोखर कामाला येतात. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर बराच काळ प्रशासकच कारभार पाहत होता. तेव्हा लोकांना आयुक्तांशिवाय दार नव्हतं, आणि अशा काळात लेखी अर्जाचं महत्त्व आणखी वाढतं.

हरकतीचा मसुदा साधारण असा असावा:

"विषय: मौजा ____, खसरा क्र. ____ येथील क्रीडांगणाचे आरक्षण वगळण्याच्या प्रस्तावास हरकत.
संदर्भ: दि. ____ रोजी दैनिक ____ मध्ये प्रसिद्ध जाहीर सूचना, कलम ३७(१).
१) आम्ही खाली सह्या करणारे या जागेपासून पाचशे मीटरच्या आत राहतो. आमच्या वस्तीत या जागेखेरीज खेळाचे दुसरे मैदान नाही. (नकाशा जोडला आहे, परिशिष्ट अ.)
२) जागेचा सध्या प्रत्यक्ष वापर होत आहे. (तारखेसह छायाचित्रे, परिशिष्ट ब.)
३) आरक्षण वगळण्यास लोकसंख्या वा गरज कमी झाल्याचे कोणतेही कारण सूचनेत दिलेले नाही.
४) पर्यायी जागा दिलेली नाही.
५) आम्हास प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी व निर्णय कारणांसह लेखी कळवावा."

बस्स, एवढंच. प्रत्येक घराने हाच मसुदा आपल्या शब्दांत लिहून वेगळा द्यावा. एका कागदावर तीनशे सह्या असल्या तर ती एक हरकत मोजली जाते. तीनशे वेगळ्या अर्जांना तीनशे आवक क्रमांक पडतात. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ई-मेल आणि स्पीड पोस्ट हे जादा.

नाला, तलाव आणि सिमेंट रस्ता

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काय झालं ते नागपूर विसरलेलं नाही. चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आउटमध्ये घरांत शिरलं. माणसं दगावली. त्यानंतर नुकसान झालेले रहिवासी स्वतः उच्च न्यायालयात गेले. सांडव्यासमोरचं बांधकाम, नदीपात्राची झालेली अडचण आणि तलावाच्या बांधाची अवस्था यांवर यंत्रणांना शपथपत्रं द्यावी लागली. त्या रहिवाशांकडे पाण्याच्या पातळीचे फोटो होते, आधीचे अर्ज होते, नुकसानीच्या याद्या होत्या. म्हणून त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं.

तुमच्या भागातल्या नाल्याचं काम पावसाळ्याआधी सुरू करा. एप्रिलमध्ये नाल्याची रुंदी दर शंभर फुटांवर मोजा. पुलाखालून गेलेल्या पाण्याच्या पाइप, केबल, गडर लाइन (सांडपाण्याच्या वाहिन्या) टिपा. कचरा तिथेच अडकतो. मे महिन्यात झोनला लेखी कळवा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात घराच्या भिंतीवर पाण्याची खूण करा, तारीख आणि वेळ लिहा. दोन पावसाळ्यांची अशी नोंद असली की "हा अपवादात्मक पाऊस होता" हा बचाव टिकत नाही.

सिमेंट रस्त्यांबाबत थोडक्यात. काम सुरू होण्याआधी निविदेतली रस्त्याची तयार पातळी मागा आणि ती आपल्या घराच्या जोत्याशी ताडून बघा. रस्ता वर गेला की पाणी अंगणात येतं. एकदा काँक्रीट टाकल्यावर कोणी उखडत नाही. बाजूच्या झाडांच्या बुंध्याभोवती मोकळी माती ठेवण्याची अटही तेव्हाच कंत्राटात घालून घ्यावी लागते.

तलावांच्या बाबतीत कायद्याचा कोणता दरवाजा ठोठवायचा ते नीट ठरवा. फुटाळ्यावरच्या कारंजे आणि प्रेक्षागृहाच्या वादात तलाव 'पाणथळ' आहे, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की माणसाने बांधलेला हा तलाव २०१७च्या पाणथळ नियमांत बसत नाही. सिंचन किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव त्या नियमांतून वगळलेले आहेत, आणि नागपूरचे बहुतेक जुने तलाव माणसांनीच बांधलेले आहेत. पण सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व, म्हणजे लोकांच्या वतीने सरकारने जलसाठा सांभाळायचा ही जबाबदारी, कृत्रिम तलावांनाही लागू राहते, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा सोनेगाव, नाईक तलाव किंवा सक्करदऱ्यासाठी अर्ज करताना 'पाणथळ' या एका शब्दावर सगळी भिस्त ठेवू नका. वारसा, पूर, सांडपाणी आणि विश्वस्तता हे मुद्दे वेगवेगळे मांडा.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी

वीज केंद्र, खाण, मोठा कारखाना यांना पर्यावरण मंजुरी लागते आणि १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार त्याआधी जनसुनावणी होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान तीस दिवस आधी सूचना द्यायची असते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, स्थानिक संस्था अशा ठिकाणी ठेवलेला असतो. पूर्ण अहवालही बघायला मिळतो. तो जाडजूड असतो आणि इंग्रजीत असतो, वाटून घ्या. एकाने पाणी, एकाने राख, एकाने हवा, एकाने वाहतूक. पहिली तपासायची गोष्ट अशी: हवेचे आणि पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत, कोणत्या गावांत घेतले? आपल्या गावाचं नाव यादीत नसेल तर तोच पहिला मुद्दा.

नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्रात नव्या दोन ६६० मेगावॉट संचांसाठी मे २०२३ मध्ये, भर उन्हाळ्यात, अशी सुनावणी झाली. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, याच केंद्राचा खसाळा गावाजवळचा राखेचा बंधारा फुटून राख शेतांत आणि नाल्यांत गेली होती. अशा घटनेचा पंचनामा, पिकाचे फोटो, विहिरीच्या पाण्याची तपासणी हे सुनावणीत ठेवायचं असतं. सभागृहात गोंगाट असतो, एक गट नोकऱ्यांच्या बाजूने बोलतो, दुसरा राखेला कंटाळलेला असतो, वेळ कमी मिळतो. म्हणून तीन मिनिटांत बोलून होईल एवढंच तोंडी मांडा आणि बाकी सगळं लेखी द्या. सुनावणीच्या शेवटी कार्यवृत्त मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. लोक दमून निघून जातात तेव्हाच ते वाचलं जातं. दोघातिघांनी थांबायचंच, आपला मुद्दा नोंदला गेला का ऐकायचं, नसेल तर तिथल्या तिथे उभं राहून सांगायचं.

पेपर, धरणं आणि अधिवेशन

पत्रकाराला निवेदन देण्यापेक्षा कागद द्या. मूळ नकाशा, आजचा फोटो आणि अर्जाची पोच, या तीन गोष्टी एका पानावर मांडल्या की बातमी होते. व्हॉट्सॲपवर कुणा बिल्डरचं किंवा अधिकाऱ्याचं नाव घेऊन आरोप फिरवू नका. बदनामीच्या एका नोटिशीने सगळी समिती गारठते. जमिनीच्या प्रकरणात धमक्याही येतात. मोजणीला, पाहणीला एकट्याने जाऊ नये, आणि धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी.

संविधान चौकात धरणं धरायची तर पोलिसांची परवानगी आधी घ्या. पण नागपूरकरांकडे महाराष्ट्रातल्या इतर कुणाकडे नाही असं एक साधन आहे: डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन. अख्खं सरकार दारात येतं. मोर्चे निघतात, पण मोर्च्यांच्या गर्दीत वस्तीचा नाला हरवून जातो. त्यापेक्षा आपल्या किंवा शेजारच्या आमदाराला तारांकित प्रश्नाचा मसुदा लिहून द्या. प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी दाखल करावे लागतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास भेटा. प्रश्न विचारला गेला की खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यासाठी मंत्रालयातून झोनपर्यंत सगळ्यांना फाइल उघडावी लागते. ते लेखी उत्तर पुढे न्यायालयातही कामी येतं.

न्यायालय

इथे घाई करू नका, पण मुदतही चुकवू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं आपल्यासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे, सुनावणी दूरदृश्य पद्धतीनेही होते. पर्यावरणाच्या वादाचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, आणि पर्यावरण मंजुरीविरुद्धचं अपील तीस दिवसांत करायचं असतं. नुकसानभरपाई मागितली नसेल तर अर्जाचं शुल्क हजार रुपये आहे. वृक्षतोड, आरक्षण, महापालिकेची निष्क्रियता यांसाठी उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अल्प उत्पन्नाची माणसं यांना तिथे मोफत मदत मिळते. न्यायालय पहिला प्रश्न विचारतं की तुम्ही संबंधित अधिकाऱ्याकडे आधी गेला होतात का. शिक्का मारलेल्या पोचींची फाइल तेव्हा उघडायची.

निर्णय झाल्यानंतर

स्थगिती मिळाली, आरक्षण राहिलं, झाडांच्या बदल्यात झाडं लावायची अट पडली, की समित्या विसर्जित होतात. तसं करू नका. बदली झाडं कुठे लावली त्याची यादी आणि जिओ-टॅग मागा, आणि पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, जाऊन मोजा. मग कडक उन्हाळ्यानंतर जूनमध्ये पुन्हा मोजा. नागपूरच्या मे महिन्यात पाण्याशिवाय रोप टिकत नाही. सात वर्षं ती झाडं सांभाळायची जबाबदारी तोडणाऱ्याची आहे. शहराच्या २०११च्या गणनेत एकवीस लाखांहून अधिक झाडं नोंदली गेली होती आणि कायद्याने दर पाच वर्षांनी गणना व्हायला हवी. आपल्या गल्लीची गणना आपणच करून ती वही झोनच्या उद्यान विभागात पोच घेऊन जमा करा. पुढच्या वेळी झाडाला नोटीस लागेल तेव्हा त्याचा घेर, जात आणि वय त्यांच्याच दप्तरात आधीपासून असेल.